खानापुरातून खुलं पत्र: पैसे घेण्याआधी आमच्या प्रश्नांची उत्तरं द्या

प्रति,
प्रमुख, घरगुती वायरलेस इंटरनेट विभाग,
कर्नाटक सर्कल कार्यालय, बेंगळूर

महोदय,

खानापूरच्या बाजारपेठेत माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन अर्ज भरून देण्याचं दुकान आहे. पहाणीचा उतारा, ई-स्वत्तू, शिष्यवृत्ती, लाईट बिल, रेल्वेचं तिकीट अशी कामं दिवसभर चालू असतात. अलीकडे त्यात एक बिनपगारी काम वाढलंय, तुमच्या कंपनीच्या वतीनं उत्तरं देण्याचं. छतावर पेटी, घरात राउटर आणि मध्ये टॉवरपर्यंत हवा, असं तुमचं बिनवायरचं इंटरनेट तालुक्यात आलं तेव्हापासून लोक माझ्या टेबलासमोर उभे राहून विचारतात. तुम्हाला विचारायची सोय नाही म्हणून मला विचारतात.

कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. ज्याला कळायचं त्याला कळेल, आणि शेजारच्या कंपनीची कथा फार वेगळी आहे असंही नाही. त्यांनीही हे पत्र स्वतःला आलंय असं समजून वाचायला हरकत नाही.

निमित्त तुमच्या ताज्या निर्णयाचं. तालुक्यात तुमचा एक माणूस फिरत होता. बैलहोंगलकडचा पोरगा, मराठी मोडकं बोलायचा, पण फोन उचलायचा आणि शिडी घेऊन यायचा. त्याला तुम्ही काढून घेतलंत, आणि सगळ्या ग्राहकांना मेसेज आला की यापुढे चौकशी आणि तक्रार फक्त ॲपवर. ज्याचं इंटरनेट बंद पडलंय त्यानं इंटरनेटवरून तक्रार करायची! मोबाइलचा डेटा वापरा म्हणाल. अहो, जांबोटीच्या पुढे घरात मोबाइलला रेंज नाही म्हणून तर लोकांनी छतावर तुमची पेटी चढवली.

तरी मी ॲपमधलं 'नेहमी विचारले जाणारे प्रश्न' हे पान सबंध वाचलं. रिचार्ज कसा करावा, सिनेमाचं ॲप कसं जोडावं, मित्राला सुचवून सूट कशी मिळवावी. आमच्याकडे हे प्रश्न कुणीच नेहमी विचारत नाही. आमच्याकडे काय विचारतात ते खाली लिहितो, आणि त्यावर तुमचं गप्प राहणं आम्हाला कसं महाग पडतं तेही.

"आमच्यात हे लागतंय काय?" हा पहिला प्रश्न, आणि सगळ्यात जास्त पैसे यातच अडकतात. ॲपवर पिनकोड टाकला की हिरवी खूण येते आणि लगेच पैसे भरायचं पान उघडतं. आता ५९१३०२ हा पिनकोड काही एका घराचा किंवा एका गावाचा नाही. खानापूर शहर त्यात आहे आणि भोवतालची कितीतरी खेडी आहेत. कुणी मलप्रभेकाठी सपाटीवर, कुणी काजूच्या बागेत, कुणी टेकडीच्या पलीकडे. देशात ५जी सुरू झालं १ ऑक्टोबर २०२२ ला, आणि त्याचा मोठा भार ३.५ गिगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरींवर आहे. या लहरी डेटा भरपूर वाहतात, पण भिंत, डोंगर आणि दाट झाडी यांच्यापुढे लवकर दमतात. म्हणून तर पेटी छतावर, टॉवरकडे तोंड करून बसवायची असते. त्या छतावरून टॉवरकडे वाट मोकळी आहे का, अंतर किती, आणि त्या टॉवरवर नव्या घराला जागा शिल्लक आहे का, या तीन गोष्टींवर सगळं ठरतं. पिनकोडवरून यातली एकही कळत नाही.

ट्राय या टेलिकॉम नियामक संस्थेच्या नियमांमुळे मोबाइल कंपन्यांना आपापल्या कव्हरेजचा नकाशा वेबसाइटवर टाकावा लागतो, हे मला माहीत आहे आणि तो मी लोकांना उघडूनही दाखवतो. पण तो नकाशा हातातल्या फोनचा. टॉवरवर आधीच किती घरं टांगली आहेत ते त्यात दिसत नाही. रस्त्यावर फोनला ५जीच्या चार दांड्या दिसतात आणि रस्त्यापासून दोन शेतं आत असलेल्या घरात तुमची पेटी लाल दिवा लावून बसते, हे इथे नेहमीचं आहे.

यात कौलांची एक वेगळीच भानगड आहे. खानापूर कौलं आणि मातीच्या भांड्यांसाठी ओळखलं जातं, आणि तालुक्यात आजही कौलारू घरं भरपूर आहेत. तुमचा तंत्रज्ञ येतो तो स्लॅबची गच्ची गृहीत धरून. गुंजीकडच्या एका घरी तो आला, वर बघितलं, म्हणाला लोखंडी पाइप उभा करून द्या, मग बसवतो. पाइप कुणाचा, वेल्डिंग कुणी करायचं, वर चढताना फुटलेली कौलं कुणी बदलायची, यातलं काहीच पैसे भरताना सांगितलेलं नव्हतं. घरातल्या आजीचं म्हणणं एवढंच होतं की पावसाच्या तोंडावर कुणी कौलांवर पाय ठेवायचा नाही. तिचं चुकलं कुठे? तंत्रज्ञ 'ग्राहकाने नकार दिला' असा शेरा मारून गेला, आणि भरलेले पैसे कधी परत येणार हे सांगायला तुमच्याकडे कुणी नव्हतं.

सीमेवरच्या गावांचा प्रश्न आणखी निराळा. बेळगुंदी, उचगावच्या पलीकडे चंदगड तालुका लागतो, निपाणीच्या वर कोगनोळी ओलांडली की कागल, आणि आमच्या कणकुंबीहून चोर्ला उतरलं की गोवा. टेलिकॉमच्या हिशेबात देशाचे सेवा-विभाग पाडलेले आहेत, त्यांना सर्कल म्हणतात; आम्ही कर्नाटक सर्कलमध्ये. चंदगड, कागल आणि गोवा तिघेही महाराष्ट्र सर्कलमध्ये. फोन रोमिंगवर जाऊन पलीकडचा टॉवर पकडतो, त्याला कुणी अडवत नाही. घरचं कनेक्शन मात्र एका पत्त्याला बांधलेलं. मग जवळचा टॉवर पलीकडचा असेल तर जोडणी मिळते की नाही? मुलगा कोल्हापुरात, नंबर महाराष्ट्राचा, पैसे तो भरणार आणि घर निपाणीत, तर अर्ज कुणाच्या नावानं करायचा? ॲप अशा वेळी नुसतं 'काहीतरी चुकले' म्हणतं. सीमाभागात ही काही अपवादाची घरं नाहीत. दर दोन घरांआड एकाचं पोर पुण्याला, कोल्हापूरला नाहीतर पणजीला आहे.

"पाऊस लागला की नेट बंद पडूलंय, का वो?" जूनपासून हा प्रश्न सुरू होतो तो गणपतीपर्यंत थांबत नाही. तुमचं ठरलेलं उत्तर: 'पाऊस आहे सर, हवामानामुळे.' हे उत्तर मला अर्धवट वाटतं. पावसाचे थेंब लहरींना जोरात अडवतात ते साधारण १० गिगाहर्ट्झच्या वर. २६ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर सेवा असेल तर पावसाचं कारण मी मान्य करीन. ३.५ वर पावसाचा थेट परिणाम किरकोळ. मग बंद का पडतं? कारण पावसात टॉवरची वीज जाते आणि बॅटरी संपते. कारण काही टॉवर मागच्या बाजूला फायबरनं जोडलेले नसून डिशच्या मायक्रोवेव्ह जोडणीवर असतात, आणि ती वरच्या लहरींवर चालत असल्यानं धो धो पावसात मंदावते. कारण भिजलेली झाडी लहरी जास्त पिते. कारण रस्त्याच्या कामात कुणाचा तरी जेसीबी फायबरवर चालतो. यातली बरीचशी कारणं तुमच्या हातातली आहेत. बॅटरी बदलता येते, डिझेल वेळेवर पोचवता येतं. कणकुंबीला पाऊस पडणार हे काय तुम्हाला टॉवर उभा केल्यावर समजलं?

"लाईट गेल्यावर चालतंय काय?" याला तुमच्या पानावर एका ओळीचंही उत्तर नाही, आणि याच प्रश्नावर लोकांचे पैसे फुकट जातात. उत्तर सोपं आहे: राउटरला वीज लागते, छतावरच्या पेटीलाही लागते. बरेच लोक राउटरसाठी छोटा यूपीएस आणतात. वीज गेली की राउटरचा दिवा जळत राहतो, वायफायची खूणही फोनवर पूर्ण दिसते, पण इंटरनेट काही येत नाही. कारण छतावरच्या पेटीला वीज वेगळ्या ॲडॉप्टरमधून, इंटरनेटच्याच केबलनं वर जाते, आणि तिचा व्होल्टेज बहुतेक वेळा राउटरपेक्षा वेगळा असतो. तो ॲडॉप्टर यूपीएसवर नसतोच. माझ्या दुकानात एक गृहस्थ तो यूपीएस पिशवीत घालून घेऊन आले, बिघडलाय म्हणून. बिघडलेला नव्हता. 'दोन्ही ॲडॉप्टर इन्व्हर्टरवर घ्या' हे वाक्य तुमच्या तंत्रज्ञानं बसवतानाच म्हणायला हवं होतं.

"महिन्याला नक्की किती पडणार?" जाहिरातीत ५९९ रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी धरला की ७०६ रुपये ८२ पैसे. सहा महिन्यांचे एकदम भरायचे असतील तर फरक साडेसहाशेच्या आसपास जातो, आणि रताळ्याचा दर पडलेल्या वर्षी शेतकऱ्याच्या घरात साडेसहाशे मोजून ठेवलेले असतात. जीएसटी सरकारचा, त्यावर माझी तक्रार नाही. तो मोठ्या अक्षरातल्या आकड्यात धरा, एवढंच.

डेटाच्या मर्यादेचंही तसंच. बऱ्याच घरगुती प्लॅनमध्ये महिन्याला १००० जीबीच्या आसपास सीमा असते आणि ती ओलांडली की वेग एकदम खाली येतो. खरं सांगायचं तर ही सीमा वाईट नाही. चांगल्या दर्जाचा व्हिडिओ तासाला साधारण ३ जीबी खातो, म्हणजे महिन्याला तीनशेहून जास्त तास झाले. घराला पुरून उरतं. पण एकाच जोडणीवर घर, कोचिंग क्लास आणि भावाचं वर्क फ्रॉम होम चालवणाऱ्यांना पुरत नाही, आणि सीमा आहे हेच त्यांना वेग मेल्यावर कळतं. वेगाबद्दलही पोरं विचारतात: १०० एमबीपीएस घेतलं, डाऊनलोड मात्र १२ च दाखवतंय, कंपनी फसवतेय काय? नाही फसवत. वेग विकतात मेगाबिटांत, डाऊनलोड दिसतं मेगाबाइटांत; आठ बिटांचा एक बाइट, म्हणून १०० भागिले ८, साडेबारा. हे मी तुमच्या वतीनं सांगतो. संध्याकाळी सात ते अकरा वेग निम्म्यावर का येतो हे मात्र तुमच्या वतीनं सांगायला मला अवघड जातं, कारण एका टॉवरवर किती घरं लादायची हे तुम्ही ठरवता. सरकारनं २०२३ मध्ये ब्रॉडबँड म्हणवून घ्यायला किमान २ एमबीपीएस अशी व्याख्या केली आहे. तेवढा आकडा दाखवून 'नियमात बसतं' म्हणणार असाल तर १०० ची जाहिरात करू नका.

"शेतातला सीसीटीव्ही गोव्यात बसून दिसेल काय?" हाही हमखास येणारा. अशा जोडणीत बहुधा एकच सार्वजनिक आयपी पत्ता (इंटरनेटवरचा पत्ता) अनेक घरांत वाटलेला असतो, त्यामुळे बाहेरून थेट त्या पत्त्यावर जोडून, जुन्या पद्धतीनं पोर्ट उघडून बघायचे कॅमेरे चालत नाहीत. कंपनीच्या ॲपवरून चालणारे चालतात. एक वाक्य लिहून ठेवलंत तर कुणाचा डीव्हीआर, म्हणजे कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग ठेवणारं यंत्र, वाया जाणार नाही. रेडिएशनबद्दल विचारणाऱ्यांना मी सांगतो की भारतात टॉवरच्या लहरींची मर्यादा २०१२ पासून आंतरराष्ट्रीय शिफारशीच्या एक दशांश आहे. बहुतेकांचं समाधान होतं.

आणि शेवटचा, "सोडायचं झालं तर?" पेटी कंपनीची, मग ती उतरवायला कोण येणार, डिपॉझिट असेल तर किती दिवसांत परत, पावसात वीज पडून पेटी जळाली तर भुर्दंड कुणाला? शिक्षक, बँकवाले, वनखात्यातले लोक इथे बदलीवर येतात आणि जातात. पेटी काढून न्यायला कुणी येत नाही आणि रिचार्ज संपल्याचे मेसेज मात्र चुकत नाहीत, असा अनुभव घेतलेली घरं माझ्याच गल्लीत आहेत.

आता भाषेबद्दल. तुमच्या ग्राहक सेवेच्या नंबरवर कन्नड, हिंदी, इंग्रजी असे पर्याय येतात, मराठी येत नाही. हीच तुमची कंपनी चोर्ल्याच्या पलीकडे मराठीत बोलते, म्हणजे मराठी बोलणारी माणसं तुमच्याकडे पगारावर आहेतच. मी स्वतः कन्नड बोलतो, दुकान चालवायचं तर यावंच लागतं. पण शिरोली, हेम्माडग्याकडची साठीतली बाई छतावरच्या पेटीचा लाल दिवा आणि पिवळा दिवा यातला फरक कन्नडमध्ये किंवा हिंदीत कशी सांगणार? ती फोन ठेवते आणि माझ्याकडे येते. या मागणीला सीमाप्रश्नाचा रंग देऊ नका. तो खटला २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, तो तिथे राहू दे. कन्नड आधी ठेवा, मोठी ठेवा, तिच्याशेजारी मराठी ठेवा. बैलहोंगलच्या त्या पोराला हे कुणी शिकवलं नव्हतं, तरी तो दोन्ही बोलायचा.

तक्रारीच्या पद्धतीचं काय ते तुम्हाला ठाऊक आहे, वाचकांसाठी लिहितो. ट्रायच्या २०१२ च्या नियमांप्रमाणे प्रत्येक तक्रारीला डॉकेट नंबर, म्हणजे नोंदीचा क्रमांक, मिळायला हवा. निकाल पटला नाही तर कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे जाता येतं, त्याला फी नाही, आणि त्यांनी ३९ दिवसांत निर्णय द्यायचा असतो. तिथेही काही झालं नाही तर ग्राहक आयोग आहे. टेलिकॉमच्या तक्रारी तिथे चालतात हे सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी २०२२ मध्ये स्पष्ट केलंय. ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. तुमचं ॲप 'तक्रार सोडवली' असं स्वतःच ठरवून तिकीट बंद करतं, डॉकेट नंबर शोधावा लागतो, आणि अपील कुठे करायचं हे तीन पानं आत दडवलेलं आहे.

ऑक्टोबर २०२४ पासून लागू झालेल्या नव्या नियमांत सेवा २४ तासांपेक्षा जास्त ठप्प झाली तर भाड्यात सूट द्यायची तरतूद आहे. चांगली तरतूद आहे, पण तिचं माप जिल्हा. बेळगाव जिल्हा अथणीपासून कणकुंबीपर्यंत पसरलेला. कणकुंबीचा एक टॉवर आठवडाभर मेला तरी जिल्हा काही ठप्प होत नाही, आणि आम्ही पूर्ण भाडं भरतो. नियम बदलणं तुमच्या हातात नाही हे मान्य. टॉवर बंद असल्याची नोंद तुमच्याकडे तासातासाची असते, तेवढ्या दिवसांचं भाडं स्वतःहून सोडायला कुठल्याच नियमाची आडकाठी नाही.

तेव्हा आमच्या मागण्या अशा.

पिनकोडवर पैसे घेणं थांबवा. आधी माणूस छतावर चढून सिग्नल मोजेल, मोजलेला आकडा ग्राहकाला लिहून देईल, मगच पैसे. जोडणी शक्य नसेल तर रक्कम सात दिवसांत परत.

पाइप, जादा केबल, वेल्डिंग आणि जीएसटी धरून एकूण खर्च आधी सांगा. डेटाची सीमा, त्यानंतरचा वेग आणि संध्याकाळचा खरा वेग त्याच कागदावर.

वर लिहिलेल्या प्रश्नांची उत्तरं कन्नड आणि मराठीत, एका पानावर छापून तंत्रज्ञाच्या हाती द्या. ॲपवर टाकायचं तर टाका, पण कागद हवाच.

बेळगाव, खानापूर, निपाणी आणि हल्याळ-जोयडा भागातल्या नंबरांना ग्राहक सेवेत मराठीचा पर्याय द्या.

तालुक्याला एक माणूस परत नेमा, त्याचा नंबर चालू ठेवा. तिकीट बंद करण्याआधी ग्राहकाला फोन करून विचारा.

एखादा टॉवर सलग २४ तास बंद राहिला तर त्यावरच्या घरांना तेवढ्या दिवसांचं भाडं माफ, मागावं न लागता.

पावसाळ्याआधी पश्चिम भागातल्या टॉवरच्या बॅटऱ्या आणि जनरेटर तपासा, आणि तपासल्याची तारीख आम्हाला कळवा.

हे पत्र मी दुकानाच्या दारावर लावलं आहे. खाली कोरी जागा ठेवली आहे. ज्यांना आपला प्रश्न वाढवायचा आहे ते लिहून जातात. तुमचं उत्तर आलं की तेही याच्याशेजारी लावीन, कन्नडमध्ये आलं तर मराठी करून. एक प्रत दूरसंचार विभागाच्या तक्रार पोर्टलवर टाकली आहे आणि एक जिल्हाधिकारी, बेळगाव यांच्याकडे पाठवली आहे.

आपला,
एक ग्राहक आणि दुकानदार
बाजारपेठ, खानापूर, जि. बेळगाव